तोंडातल्या टाचण्या

नाश्त्याच्या रांगेत आई तिच्यापुढे चार माणसं सोडून उभी होती आणि एका अनोळखी माणसाला बाबांचं मरण सांगत होती.

त्यात नवल काही नव्हतं. बोलायला आईला ओळख लागत नाही. दवाखान्यातल्या बाकावर, जिन्यात, दुकानाच्या पायरीवर, समोरचा माणूस जरा थांबला की आई त्याच्या पदरात काहीतरी घालतेच; गुडघा, गेलेला नवरा, नाहीतर भाषणं करणारी मुलगी. शिवाय आज सभागृहाच्या बाहेर पाटीच लावली होती, ‘ओळखीचा तास’. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर नाव आणि नावाखाली धंदा. आईच्या बिल्ल्यावर कुणीतरी उत्साहाने ‘स्पर्धकाची आई’ असं लिहिलं होतं आणि आई तो सारखा सरळ करत होती. आई बोलणारच होती. तिने आपल्या हातातल्या चहाच्या कागदी पेल्याकडे लक्ष वळवलं, ओठांतल्या ओठांत आपलं भाषण सुरुवातीपासून म्हणायला घेतलं आणि ऐकू आलं ते असं:

“डोळे उघडले त्यांनी, आणि म्हणाले, माझं बोलून झालं.”

इथे आई थांबली. हनुवटी किंचित वर गेली. डावा हात छातीपाशी आला आणि तिथे हळूच उघडला, मुठीत धरलेलं पाखरू सोडावं तसा.

“आता तू बोल.”

ज्याला सांगितलं तो विमा विकणारा होता. तो आधी “अरे वा” म्हणाला, मरणाला अरे वा म्हटलेलं बरं दिसत नाही हे लक्षात येऊन “अरेरे” म्हणाला, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी त्याने आईच्या हातात आपलं कार्ड ठेवलं. इकडे मागे चहा तिच्या बोटांवर सांडला होता. भाजलं, हे तिला नंतर कळलं.

कारण तो थांबा तिचा होता. ती हनुवटी, तो उघडणारा हात, सगळं तिचं होतं. तिला भाषण शिकवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी बसवून घेतलेलं, आरशासमोर घटवलेलं. आणि बाबांनी डोळे उघडले तेव्हा आई त्या खोलीत नव्हतीच. आई तीन मजले खाली औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभी होती. खोलीत ती एकटी होती. आणि बाबा हे म्हणाले नव्हते. तिसऱ्या की चौथ्या तालमीला डॉक्टरांनी ते वाक्य सुचवलं होतं, हे तिला स्वच्छ आठवत होतं, त्यांच्या दवाखान्यातली ती वरखाली होणारी खुर्ची, लवंगेच्या तेलाचा वास, आणि “बघा, हे कसं वाटतं?” म्हणून त्यांनी स्वतःच केलेला तो थांबा. मग बाबा काय म्हणाले होते?

रांग पुढे सरकली. मागच्याने हळूच “ताई” म्हटलं. ती सरकली. बाबा काहीतरी म्हणाले होते. नक्की म्हणाले होते. तिने डोळे मिटून त्या खोलीचं दार ढकललं, आणि आत नीटनेटका उजेड होता. भाषणात असतो तसाच. खिडकी डावीकडे, कारण डावीकडे बघितलं की श्रोते खिडकी बघतात. पलंग मधोमध. बाबांनी डोळे उघडले, त्यांनी हनुवटी किंचित वर केली, आणि बाबा बाबांच्या आवाजात डॉक्टरांचं वाक्य म्हणाले.

ती पहिल्यापासून बोलकी नव्हती; म्हणजे घरात होती, बाहेर नव्हती. बाबा तिला ‘सरकार’ म्हणायचे. “काय सरकार, आज काय हुकूम?” घरात हुकूम सोडणाऱ्या या सरकारची शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत दुसऱ्याच वाक्याला बोबडी वळायची, आणि मग पहिल्या ओळीत बसलेली आई ओठ हलवून पुढचा शब्द दाखवायची. आईचे ओठ वाचत वाचत तिने दोन उत्तेजनार्थ मिळवली. पुढे पाण्याची मीटरं बनवणाऱ्या कंपनीत तक्रारी ऐकायची नोकरी लागली. ऐकायचीच, बोलायची नाही, म्हणून ती तिथे सुखात होती. बाबा गेले त्या वर्षी तिला बढती नाकारली गेली. साहेब म्हणाले, “तुमचं काम एक नंबर आहे हो, पण तुम्ही खोलीत आहात हे कळत नाही.” त्यांनीच तिला या वक्ता मंडळाचा पत्ता दिला. व्यक्तिमत्त्व सुधारतं, ओळखी होतात, चार माणसं ओळखायला लागतात. आणि झालंही तसंच, खोटं कशाला बोला. रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात लहान बाकांवर गुडघे मुडपून मोठी माणसं बसायची, हिशेबनीस, फिजिओथेरपिस्ट, घरं विकणारे, एक निवृत्त वैमानिक, आणि आळीपाळीने उठून एकमेकांना आपलं आयुष्य सांगायची. वेळ बघणाऱ्याच्या टेबलावर तीन दिवे. हिरवा लागला की बोलणं पुरेसं झालं, पिवळा लागला की आवरा, लाल लागला की तुमचं सत्यही स्पर्धेतून बाद. आणि कोपऱ्यात घंटीबाई.

घंटीबाई म्हणजे बँकेत रोखपाल असलेली एक ठसठशीत बाई. भाषणात ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय की’, ‘तसं बघायला गेलं तर’ अशी भरती आली की ती टेबलावरची छोटी घंटी वाजवायची. टण. राग नाही, लोभ नाही. मंडळात नवा आलेला माणूस पहिल्या भाषणाला देवळात आल्यासारखा घंट्या ऐकायचा. तिनेही ऐकल्या. तिचं पहिलं भाषण बाबांवरचं होतं, बाबा गेल्याला फार दिवस झाले नव्हते, आणि ती मधेच रडली, मागे गेली, पुढे आली, बाबांचं शेवटचं वाक्य बोलताना –

टण.

हे तिला आठवत होतं! बाबांच्याच वाक्यात घंटी वाजली होती. वर्गात कुणीतरी फिसकन हसलंही होतं, आणि वैमानिकाने त्याला डोळ्यांनी दटावलं होतं. म्हणजे पहिल्या भाषणात खरं वाक्य होतं. म्हणजे ते निदान वीस माणसांनी ऐकलं होतं.

तिने चहा तसाच कचऱ्याच्या पिंपात ओतला आणि ती घंटीबाईला शोधायला निघाली. सभागृहाबाहेरच्या त्या लांब खोलीत सगळं मंडळ एकमेकांना कार्डं देत होतं. “आपण काय करता?” “अरे, मग तुमचं-आमचं जमणार!” हसणं, हात मिळवणं, खांद्यावरून तिसऱ्याच कुणाकडे बघणं. दोघांनी तिला अडवून सांगितलं की मागच्या फेरीतलं तुमचं भाषण ऐकून मी घरी जाऊन वडिलांना फोन केला. “टाचण्यांचा तो प्रसंग तर, बाप रे!” तिने हात जोडले.

टाचण्या. बाबा कपडे बेतायचे, मोठ्या शिंप्याच्या दुकानात कटर होते. गिऱ्हाईक अंगावर कोट चढवून उभं असायचं आणि बाबांच्या ओठांत टाचण्यांची रांग. भाषणात ते असं येतं: *आयुष्यभर तोंडात टाचण्या धरून गप्प राहिलेला एक माणूस.* इथे सभागृहात दरवेळी उसासा उठतो. पण बाबा गप्प कुठे होते? या गर्दीत, हिशेबनिसाचं कार्ड हातात धरून, तिला एकदम आठवलं आणि लाज वाटली. बाबा तर अखंड बोलायचे. टाचण्या जिभेने ओठांच्या उजव्या कोपऱ्यात सारायचे आणि डाव्या कोपऱ्यातून बोलायचे, गिऱ्हाइकाच्या पोटावरून विनोद करायचे, “साहेब, श्वास सोडा, कोट तुमचाच आहे.” घरी दुपारच्या शिलाईला बसले तरी तेच. मशीनची घरघर, आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून चाललेली अर्धी अर्धी वाक्यं, जी फक्त आईला कळायची. गप्प माणूस डॉक्टरांना हवा होता. “शेवटी ‘आता तू बोल’ म्हणायचंय ना? मग तो आधी गप्प नको का?” बरोबर होतं. भाषणाच्या हिशेबाने सगळं बरोबर होतं. पहिल्या भाषणानंतर त्यांनी मंडळाच्या रीतीने आधी तिचं कौतुक केलं, मग दोष सांगितला, मग पुन्हा कौतुक केलं. दोष असा, “शेवट हाताला लागत नाही. वडील गेले, वाईट झालं, पण श्रोत्याने घरी काय न्यायचं?” आणि ती खरंच विचार करत बसली होती, बाबांच्या मरणातून लोकांनी घरी काय न्यायचं. एकेक शब्द बदलत गेला तसं रडू कमी होत गेलं, आणि तिला वाटलं होतं, यालाच सावरणं म्हणतात.

“पहिलं भाषण?” घंटीबाई तोंड पुसत म्हणाली. “आठवतंय ना! रडलीस बघ. मलाही रडू आलं होतं.”

“त्यात बाबांच्या वाक्याला तुम्ही घंटी वाजवलीत. कुठल्या शब्दाला?”

“अगं बाई, ते कसं आठवेल? मी शब्द ऐकतच नाही मुळी. शब्द ऐकत बसले तर भरती निसटते. नोटा मोजताना कुणाच्या कोण बघतं?” मग तिचा चेहरा बघून ती जरा नरमली. “का गं? काही चुकलं का माझं? नियम म्हणून वाजवते हो मी.”

“छे, छे. सहज.”

डॉक्टर पहिल्या रांगेत बसून परीक्षकांशी हसत होते. ‘आठवडाभर लोकांची तोंडं उघडून बघतो, रविवारी त्यांना बोलतं करतो’ हा त्यांचा ठेवणीतला विनोद आत्ताच होऊन गेला असावा. त्यांना बाजूला घेऊन तिने विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

“आधीचं वाक्य? हेच होतं की.”

“हे तुम्ही सुचवलंत, डॉक्टर.”

“मी? नाही हो. मी फक्त थांबा सुचवला. वाक्य तुमच्या वडिलांचं.” आणि त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. “असलं वाक्य माझ्या वडिलांना सुचलं असतं तर काय हवं होतं! आता हे सगळं डोक्यातून काढा. तुम्ही तिसऱ्या. पाणी पिऊन घ्या.”

पाणी पिताना शेजारी आई येऊन बसली. मांडीवर पर्स, पर्समध्ये पाच-सहा कार्डं जमली होती, ती तिने पत्त्यांसारखी पसरून दाखवली. “हा घरं विकतो. हा विमा. ही बाई पाय दाबते, म्हणाली या एकदा.” मग कार्डं परत लावता लावता, खाली बघून आई म्हणाली, “एक सांगू? तू हे बोलायला लागलीस ते फार बरं झालं. तेव्हा तुला मी विचारलं होतं ना, काही म्हणाले का म्हणून. तू म्हणालीस, नंतर सांगते.”

“हं.”

“मला वाटायचं, माझ्याशी काहीतरी बोलायचं राहिलं त्यांचं. मी नेमकी खाली गेलेली. मेली ती औषधं, वापरलीसुद्धा नाहीत. रात्र-रात्र तेच घोळायचं. मग तू घरात पाठ करायला लागलीस, आणि मी स्वयंपाकघरात ऐकलं, माझं बोलून झालं. म्हटलं, चला. झालं होतं त्यांचं बोलून.” आईने पर्स मिटली. चाप कट्कन वाजला. “त्या दिवसापासून मला झोप लागते.”

तिला उठून जावंसं वाटलं, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि तेवढ्यात स्पर्धा सुरू झाल्याची घोषणा झाली.

पहिला बोलला. दुसरी बोलली. टाळ्या. मग तिचं नाव, बढतीनंतरचा हुद्दा, प्रशिक्षण विभाग, आणि लाकडी मंचावर स्वतःच्या चपलांचा आवाज. दिवे डोळ्यांवर. तिसऱ्या ओळीत आई. भाषण आपोआप सुरू झालं. तिला काही करावंच लागलं नाही. तोंड बोलत होतं आणि ती तोंडाच्या मागे उभी राहून ऐकत होती. *आयुष्यभर तोंडात टाचण्या धरून गप्प राहिलेला एक माणूस.* उसासा. *गिऱ्हाइकाचं माप घेणारा, स्वतःचं माप कधी न सांगणारा.* हिरवा दिवा. दवाखान्याची खोली. डावीकडे खिडकी. चारशे माणसांनी डावीकडे बघितलं. *बाबांनी डोळे उघडले. आणि म्हणाले –*

इथे थांबा. डॉक्टर म्हणायचे, इथे टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे.

शांतता झाली. खरीच झाली. आणि त्या शांततेत टाचणी पडली नाही, टाचणी सरकली. बाबांचे ओठ सरकले. कोरडे, सालं निघालेले, मिटलेले ओठ उजव्या कोपऱ्याकडे ओढले गेले, नसलेल्या टाचण्या जिभेने बाजूला साराव्यात तसे, आणि डावा कोपरा किंचित उघडला. बाबांनी डोळे उघडलेच नव्हते. खिडकी उजवीकडे होती. ऊन येत होतं म्हणून ती पडदा ओढत होती, पडद्याची कडी अडकली होती, बाबांकडे तिची पाठ होती. म्हणजे ओठ तिने वळून बघितले ते नंतर. आधी आवाज आला. तो आवाज काही खास नव्हता. रोज दुपारी मशीनवरून स्वयंपाकघराकडे जायचा तोच. त्याला उत्तर लागायचंही नाही, लागायचं ते एवढंच, की आतून आईने “आहे” म्हणायचं, आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं. दिवसातून कितीदा. काम काहीच नसायचं.

“अगं, आहेस का?”

टण.

तिला नव्हतं विचारलं. तिला ते सरकार म्हणायचे. अगं म्हणजे जगात एकच बाई, आणि ती तीन मजले खाली, हातात चिठ्ठी घेऊन, पुढच्या माणसाचे सुटे पैसे संपायची वाट बघत. आणि वर खोलीत ती स्वतः कडीशी झटापट करत, न वळता म्हणाली होती, “खाली गेलीय बाबा, येईलच.” बाबा “हं” म्हणाले. ते हं तिने भाषणात कधी घेतलंच नव्हतं. मशीन थांबून राहिलं.

आई तिसऱ्या ओळीतून वर बघत होती.

पिवळा दिवा. बोलायला हवं होतं. तोंड उघडंच होतं. आता खरं वाक्य जिभेवर होतं, इतक्या दिवसांनी, अख्खं, उबदार. आणि ते बोललं की सभागृहात चारशे माणसांना कळलं नसतं की यात काय विशेष, एकीला मात्र कळलं असतं. त्यांनी मला हाक मारली होती आणि मी नव्हते. तिची झोप. दुसरं वाक्यही होतंच, गुळगुळीत, हाताशी, ते उचलायला तिचा हात छातीपाशी आला आणि उघडेना. खोटं ते आधीही होतं; पण आधी ते ती विसरलेली होती. खाली कुणीतरी खोकलं. डॉक्टर पुढे सरकून बसले. साहेब कुठेतरी बसले असतील. आता ती खोलीत आहे हे सगळ्यांना कळत होतं.

मग तिला आईचे ओठ दिसले. शाळेतल्यासारखे. आई ओठ हलवत होती, मोठे करून, सावकाश, मान पुढे काढून. ती बघत राहिली. आईला वाटलं, दिव्यांमुळे हिला दिसत नाही. आई खुर्चीच्या पाठीला धरून उठली, गुडघा दुखत असणार, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“माझं बोलून झालं.”

थांबली. हनुवटी वर.

“आता तू बोल.”

मग मागच्या बाजूने एक टाळी आली, मग सगळीकडून. लोक उभे राहिले. वैमानिक डोळे पुसत होता. आई गोंधळून इकडेतिकडे बघत होती आणि बिल्ला सरळ करत होती. टाळ्या ओसरल्यावर ती आईकडे बघून म्हणाली, “हो. असंच म्हणाले,” आणि उरलेलं भाषण तिने कसं संपवलं ते तिला ठाऊक नाही, लाल दिव्याच्या आधी संपलं एवढं खरं.

पहिला नंबर आला. यायचाच होता. डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. “काय योजना होती! अहो, मला तरी सांगायचं आधी. पुढच्या फेरीला आईंना न्यायचंच. तिसऱ्याच ओळीत बसवायचं. उठताना किंचित अडखळतात ना, ते तसंच ठेवा.” घंटीबाईने आईला मिठी मारली. विमावाला दुसरं कार्ड देऊन गेला.

“घाबरलीस ना?” घरी परतताना आई म्हणाली. “लहानपणापासूनची खोड. मी होते म्हणून.”

“तू होतीस म्हणून,” ती म्हणाली.

संध्याकाळ झाली होती. आईने घरात शिरल्या शिरल्या दिवा लावला, करंडक बाबांच्या मशीनवर ठेवला, मग मशीनवर नको वाटलं म्हणून खिडकीत ठेवला, आणि हुश्श करून आत गेली. आतून नळाचा आवाज यायला लागला. भांडी. ती मशीनच्या स्टुलावर बसली. सुई काढून ठेवलेली. कडेला टाचण्यांची गादी, भुश्शाने भरलेली, बाबांनीच शिवलेली, टाचण्या अजून टोचलेल्या. एक ओढून काढली. उगीच ओठांत धरली. लोखंडाची चव आली, थोडी गंजाची. दुसरी धरली. ओठांत टाचण्या असल्या की तोंड आपणहून मिटतं, पण बोलायचं असेल तर त्या कोपऱ्यात साराव्या लागतात. तिने जिभेने सारून बघितल्या. जमलं. आपल्याला हे कधी कुणी शिकवलं नाही, आणि जमलं. पुढच्या फेरीला किती वेळ आहे याचा ती विचार करत होती. तेव्हा आई उठेल, अडखळेल, आणि पुन्हा ते वाक्य म्हणेल. त्याच्या पुढच्या फेरीलाही. ते वाक्य आता आईचंच होतं, ते काढून घेण्याचा प्रश्नच नव्हता, आणि दुसरं वाक्य तिच्या तोंडात होतं. ते गिळून टाकायचं असं ती स्वतःला सांगत होती. सांगता सांगता ओठांचा डावा कोपरा उघडला. आवाज म्हणावा इतकाही आवाज नव्हता. नळ धो धो वाहत होता, भांडी वाजत होती, ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

“अगं, आहेस का?”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

“आहे,” आई म्हणाली.

नळ मग बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.